चेंडू छातीवर येत नव्हता

माझ्या आयुष्यात मला एकदाच मैदानाबाहेर काढलं गेलं. मी एकोणीस वर्षांची होते, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. पंचांनी खिशातून लाल कार्ड काढून माझ्यासमोर उंच धरलं तेव्हा आमच्या सदर भागातल्या मैदानाभोवती तीन-चारशे माणसं उभी होती आणि त्यातली बरीचशी मला ओळखत होती. ही गोष्ट मी पुष्कळांना सांगितली आहे. ऐकणाऱ्याला आधी वाटतं, मी कुणाला तरी लाथ मारली असणार. मग वाटतं, मला त्याची लाज वाटत असणार. दोन्ही खरं नाही. मला त्या कार्डाचा अभिमान आहे. तो का, हे सांगायचं तर आधी बाबांबद्दल सांगायला हवं.

बाबा सरकारी कचेरीत कारकून होते. आम्ही सदरमध्येच भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो, मागे छोटं अंगण होतं. तरुणपणी बाबा स्वतः फुटबॉल खेळले होते, पण गुडघा गेला आणि ते पंच झाले. कचेरीत साहेबांसमोर हात मागे बांधून उभे राहणारे बाबा रविवारी मैदानावर बचावाला खेळणाऱ्या सहा फुटी बॅकला बोटानं मागे सरकवायचे. "मागं हो. अजून. अजून." आणि तो व्हायचा.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. पिवळी आणि लाल कार्डं आमच्याकडे नवीनच आली होती. ती विकत कुठं मिळतात हे कुणाला माहीत नव्हतं, म्हणून बाबांनी ती घरीच केली. बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, संक्रांतीच्या पतंगांमधून उरलेला कागद खळीनं वर चिकटवला आणि दोन जोड तयार केले. एक स्वतःसाठी, एक त्यांच्या मित्रासाठी. खेळताना घामानं लाल कागदाचा रंग सुटायचा आणि काळ्या शर्टातून बनियनवर उतरायचा. आई ते बनियन दगडावर आपटत म्हणायची, "आज कोणाले मारून आले?"

ज्यांच्यासाठी दुसरा जोड केला ते काका रेल्वेत होते. तेही पंच होते. अंगानं दणकट, आवाज मोठा आणि मन फार मऊ. सामना नसलेल्या रविवारी ते सकाळीच आमच्याकडे येत. मग अंगणात चहा घेत दोघं नियमांवर भांडत. ऑफसाइड, थ्रो, गोलकीपरला धक्का, सगळ्यावर. पण त्यांचं सर्वांत जुनं भांडण होतं ते हाताचं.

त्या काळी नियम एवढाच होता की खेळाडूनं जाणूनबुजून चेंडूला हात लावला तर फ्री किक, आणि आपल्या गोलसमोरच्या चौकोनात लावला तर पेनल्टी. अशा खेळाडूला बाहेर काढायचं का, हे आमच्याकडच्या नियमांच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं नव्हतं. गंभीर गैरखेळ केला तर काढावं, असं होतं. पण गंभीर कशाला म्हणायचं हे ज्यानं त्यानं ठरवायचं.

काका म्हणायचे, "गोललाईनवर हात लावला, पेनल्टी देल्ली, विषय संपला. आणखी बाहेर कायले काढायचं गा? एका गुन्ह्याले दोन सजा?"

बाबा म्हणायचे, "पेनल्टी हुकते. तो चेंडू हुकणार नव्हता. त्यानं चेंडू नाही अडवला, झालेला गोल चोरला."

"अन् चेंडूच हाताले येऊन लागला तर?"

"तर शिट्टीच नाही. खेळ चालू."

मग मला बोलावणं यायचं. मी चौदा-पंधरा वर्षांची असल्यापासून बाबा मला अंगणात भिंतीसमोर उभं करत. भिंत म्हणजे गोल. ते जवळून चेंडू फेकत आणि तो माझ्या लटकत्या हाताला लागला की काकांना म्हणत, "हा काही गुन्हा नाही." मग लांबून, माझ्या बाजूनं फेकत आणि मला तो हातानं थांबवायला सांगत. "आता पाह्य. हात कुठं होता ते नको पाहू. हात कुठं चालला होता ते पाह्य." कधी ते माझ्या मागे पाण्याची बादली ठेवत. बादली म्हणजे गोलकीपर. "मागं बादली आहे, म्हणजे गोल झालाच असता असं नाही. पेनल्टी देऊन मोकळं व्हा. आता बादली काढली." ते बादली उचलून बाजूला ठेवत. "आता मागं कोणीच नाही, चेंडू आत चालला, अन् पोरीनं हात घातला. इथं लाल."

काका चहा संपवून म्हणायचे, "तू लई कडक आहेस बाप्पा." आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला गेले तेव्हा आमच्या व्यायामशिक्षिकेनं हट्टानं मुलींचा फुटबॉल संघ काढला. आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो. त्या बुटक्या होत्या, साडीचा पदर कमरेला खोचून मैदानभर धावायच्या. माझं नाव मी घरी न विचारता दिलं. बाबांना इतका आनंद झाला की ते सरळ उठून कपाटातून आपली जुनी काळी हाफपँट काढून आईच्या पुढ्यात ठेवून गेले. आईनं ती उसवून माझ्या मापाची शिवली, गुडघ्यापर्यंत लांब.

मला बॅक म्हणून घेतलं. मी बऱ्यापैकी खेळायचे. पण आमचा खेळ पाहायला जी गर्दी जमायची ती खेळ पाहायला जमत नव्हती. "पोट्ट्याईचा फुटबॉल आहे, चाल," असं म्हणत माणसं यायची, सायकली टेकवून शेंगदाणे खात उभी राहायची आणि कुणी पडली की हसायची. "बांगडी सांभाळ वं!" असं ओरडायची. पंचही आमच्यासाठी शिट्टी हळू वाजवायचे, लहान मुलाला दटावल्यासारखी. आम्ही धक्का मारला तर म्हणायचे, "असं नाही करायचं, बेटा." चिडायचे मात्र कधीच नाहीत.

आणखी एक सवलत होती. चेंडू छातीवर येत असेल तर मुलींना छातीसमोर हात आडवे धरायची मुभा होती. इजा होऊ नये म्हणून. ते बरोबरच होतं. पण हात आडवे धरलेल्या मुलीकडे पंच नीट बघायचे नाहीत, संकोचायचे, मान वळवायचे. हे आमच्या लवकरच लक्षात आलं. चेंडू पोटावर असो, खांद्यावर असो, की चक्क बाजूनं चालला असो, छातीसमोर हात बांधून त्याच्याकडे वळलं की शिट्टी वाजत नसे. मॅडमनी आम्हाला हे शिकवलं नव्हतं. आमच्या संघात या सवलतीचा सर्वांत जास्त फायदा मी घेतला, हे मी कबूल करते.

बाबांनी माझे पहिले दोन सामने पाहिले. दुसऱ्यात मी असा एक चेंडू कोपरानं बाहेर ढकलला होता. घरी आल्यावर त्यांनी विचारलं, "तो चेंडू छातीवर येत होता का?"

"हाव," मी म्हणाले.

"बरं," म्हणून त्यांनी पेपर उघडला.

त्या थंडीत शहरात मुलींची एक लहानशी स्पर्धा झाली. चारच संघ होते. आम्ही फायनलला आलो आणि समोर आला उमरेडचा संघ. त्या मुली सकाळच्या एसटीनं आल्या, तेरा जणी आणि बरोबर त्यांचे एक शिक्षक. बसस्टँडवरून मैदानापर्यंत चालत आल्या होत्या. चौघींच्या पायात बूट नव्हते, पंजांना जुन्या लुगड्याच्या पट्ट्या गुंडाळल्या होत्या. त्यांची पुढची खेळाडू एक बारीक, काळीसावळी मुलगी होती. वेणी दुमडून डोक्यावर घट्ट बांधलेली, पाठीवर नऊचा आकडा पांढऱ्या कापडाचा कापून दोऱ्यानं शिवलेला. तिच्या घरी हातमाग होता हे मला पुढे कळलं. तेव्हा एवढंच दिसत होतं की ती अनवाणी होती आणि आमच्यापैकी कुणाहीपेक्षा जोरात धावत होती.

पंच होते काका. एका बाजूच्या लाइनवर झेंडा घेऊन उभा राहणारा माणूस आला नाही. काका बाबांना म्हणाले, "तू झेंडा घे."

"माझी पोरगी खेळून राहिली."

"मंग दुसरा कोणी आण."

दुसरा कुणी नव्हता. बाबांनी उमरेडच्या शिक्षकांना जाऊन विचारलं, तुमची हरकत आहे का म्हणून. ते म्हणाले, नाही. मग बाबांनी झेंडा घेतला.

पहिल्या अर्ध्यात आम्ही एक गोल केला. दुसऱ्या अर्ध्यात नऊ नंबरनं आमच्या दोघींना चुकवून तो फेडला. आता आम्ही ज्या बाजूला गोल राखत होतो त्या अर्ध्या भागाची लाइन बाबांकडे होती. वेळ संपायला पाचेक मिनिटं राहिली असतील. उमरेडच्या एका मुलीनं उजवीकडून उंच चेंडू मारला, आमची गोलकीपर तो पकडायला पुढे धावली आणि तिचा अंदाज चुकला. चेंडू नऊ नंबरच्या पायापाशी पडला. तिच्यासमोर रिकामा गोल होता, आणि लाइनवर फक्त मी.

तिनं मारला. चेंडू माझ्या डाव्या हाताला, खांबाच्या आतून चालला होता, छातीच्या उंचीवर पण छातीपासून हातभर लांब. पाय तिथं पोचणार नव्हता. मी छातीसमोर हात बांधले आणि बांधलेल्या हातांसकट तिकडे झेप घेतली. चेंडू माझ्या कोपराला आणि मनगटाला लागला, मैदानावरून तिरपा गेला आणि समोरच्या बाजूच्या लाइनबाहेर पडला.

"वाचवली वं, वाचवली!" कुणीतरी ओरडलं आणि सगळीकडे हशा पिकला. नेमकं काय वाचवलं असं त्याला म्हणायचं होतं ते सगळ्यांना कळलं. काकांनी हसू दाबत हात हलवला, थ्रो घ्या म्हणून.

मी नऊ नंबरकडे पाहिलं. ती भांडायला आली असती तर मी कदाचित गप्प बसले असते. मीही भांडले असते. पण ती काहीच बोलली नाही. खाली बसून तिनं पायाची सुटलेली पट्टी बांधली आणि थ्रो घ्यायच्या जागेकडे चालू लागली. तिला हे नवीन नव्हतं. आपला गोल हशात जाऊ शकतो, हे ती एसटीत बसतानाच धरून आली असावी. मला आजही ते चालणं दिसतं.

तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "झेंडा!"

बाबांचा झेंडा वर होता. केव्हापासून होता कोण जाणे. काकांनी पाहिलं, ते तिकडे गेले. दोघांचं काही बोलणं झालं, ते मला ऐकू आलं नाही. काकांनी नाही म्हणून दोनदा मान हलवली. बाबा झेंडा खाली घेत नव्हते आणि माझ्याकडे पाहत नव्हते. मग काका माझ्याकडे आले. हळूच, इतरांना ऐकू जाणार नाही असं बोलले.

"तुझे बाबा म्हणून राहिले, हात होता. मले तर छातीच दिसली. तूच सांग बेटा, छातीवर येत होता ना?"

त्यांनी प्रश्न असा विचारला होता की मला नुसती मान हलवायची होती. त्यांना माझी दया आली होती. माझी, बाबांची, सगळ्यांचीच.

"नाही काका," मी म्हणाले.

"काय नाही?"

"छातीवर येत नव्हता. बाजूनं चालला होता. मी हात नेला."

काका म्हणाले, "बरं. पेनल्टी देतो. तू ऱ्हा मैदानात."

"काका, मागं कोणी नव्हतं. गोल होता."

"तुले मालूम आहे माझं मत. पेनल्टी दिली की झालं."

मग मी ते सांगून टाकलं. मला ठरवून सांगायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं. "आजचा पहिला नाही, काका. मी पहिलेही केलं, दर सामन्यात. तुम्ही छाती समजून सोडता म्हणून करते."

काकांचा चेहरा बदलला. इतकी वर्षं मी त्यांना आमच्या अंगणात पाहत होते, पण तो चेहरा मी फक्त मुलांच्या सामन्यात लांबून पाहिला होता. कपाळावरची शीर फुगली. ते माझ्यावर चिडले. खरोखर चिडले. मला भीती वाटली, आणि खरं सांगते, त्या भीतीतच मला कसलासा आनंद झाला. मुलींच्या सामन्यात पंच चिडत नसत.

ते दोन पावलं मागे गेले, ताठ उभे राहिले आणि त्यांनी शिट्टी वाजवली. हळू नाही, पूर्ण छातीनं. पेनल्टीच्या जागेकडे बोट दाखवलं. मग खिशात हात घातला आणि पतंगाच्या कागदाचं ते लाल कार्ड वर धरलं.

मैदान गप्प झालं. शेंगदाणे खाणारेसुद्धा. मुलीला लाल कार्ड दिलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, आणि त्यावर हसायचं की नाही हे त्यांना कळेना. मी मैदानाभोवतीची दोरी ओलांडून त्यांच्यातून वाट काढत गेले तेव्हा दोन माणसांनी आपल्या सायकली बाजूला घेतल्या. कुणी बांगडीचं नाव काढलं नाही.

पेनल्टी नऊ नंबरनंच घेतली. गोलकीपर उजवीकडे झेपावली, चेंडू डावीकडे गेला आणि खांबाला लागून बाहेर आला. आमच्या मुलींनी उड्या मारल्या. मी दोरीबाहेर उभी होते, मला उडी मारता येईना. बाबांचं अंगणातलं वाक्य माझ्यासमोर घडलं होतं. पेनल्टी हुकली होती. तो चेंडू हुकणार नव्हता. चोरी पचली असती, जर मीही आत असते तर.

पण मी बाहेर होते. वेळ संपली, एक-एक अशी बरोबरी, आणि जादा वेळ सुरू झाला. दहा जणींनी फार जोरात खेळ केला, हे सांगायला हवं. कॅप्टन बॅकला आली, सगळ्या पळून पळून लाल झाल्या. शेवटी नऊ नंबरनं चेंडू घेतला आणि ती डाव्या बाजूनं घुसली. जिथं मी असायचे तिथं कुणी नव्हतं. त्या रिकाम्या जागेतून ती सरळ आत गेली आणि तिनं चेंडू जाळीत मारला. उमरेड दोन, आम्ही एक.

उमरेडच्या मुली एकमेकींच्या अंगावर पडून रडत होत्या. या वेळी टाळ्या वाजल्या. माणसं खरोखर टाळ्या वाजवत होती, त्या अनवाणी मुलीसाठी.

आमची कॅप्टन माझ्याशी आठ दिवस बोलली नाही. तिचं चुकलं असं मला वाटलं नाही. कप आमच्या हातचा गेला होता, आणि मी तो तोंडानं बोलून घालवला होता. मॅडम मात्र मला रागावल्या नाहीत. त्यांनी संघाला समोर बसवून एवढंच सांगितलं, "उद्यापासून सगळ्याजणी हात मागे बांधून सराव करणार. मला तुमचा खेळ पायात पाहिजे." आणि खरंच दोन आठवडे आम्ही पँटची मागची शिवण धरून बॅकचा सराव केला. पहिल्या दिवशी मी तीनदा तोंडावर पडले.

पण ते नंतर. त्या दिवशी मी आणि बाबा घरी चालत निघालो. बाबा सायकल हातात धरून चालत होते, कॅरियरला झेंडा बांधलेला.  पोस्टाच्या कोपऱ्यावर त्यांनी विचारलं, "त्या दिवशी तुले विचारलं होतं. तेव्हाही छातीवर येत नव्हता ना?"

"नव्हता."

"मले मालूम होतं."

"मग बोलले काहून नाही?"

"त्या दिवशी मी लाइनवर नव्हतो. बापाले पोरीचं ऐकावंच लागते."

आम्ही घरी पोचलो. आई अंगणात दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती. बाबांनी सायकल भिंतीला लावली आणि पगारवाढीची बातमीही ज्या आवाजात कधी सांगितली नसेल अशा आवाजात म्हणाले, "ऐकलं का? आपल्या पोरीले लाल कार्ड भेटलं!"

आईनं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "चांगलं असते का ते?"

"एरवी नाही," बाबा म्हणाले. "आज चांगलं आहे." आणि मग त्यांनी तिला बादली मागे ठेवून आणि पुन्हा काढून सगळी गोष्ट समजावून सांगितली. आईला किती समजलं माहीत नाही. पण त्या दिवशी तिनं माझ्या ताटात पहिली पोळी वाढली, बाबांच्या आधी.

त्यानंतर पंचांची आणि स्पर्धा भरवणाऱ्यांची जी बैठक झाली तिथं मी नव्हते, बाबांनी सांगितलेलं सांगते. काहीजणांनी काकांवर बोट ठेवलं. मुलींच्या खेळात एवढं कडक व्हायची काय गरज होती, पोरीला असं चारचौघांत बाहेर काढतात का, लोक काय म्हणतील. काका नेहमीप्रमाणे मोठ्यानं बोलले नाहीत म्हणे. म्हणाले, "ती खेळाडू आहे. तिनं गोल चोरला अन् कबूलही केला. मी पोट्टी म्हणून सोडलं असतं, तर तिच्या समोरच्या पोट्टीनं काय करायचं होतं? ती उमरेडहून आली होती." 

मला एका सामन्याची बंदी झाली. तसं पत्र कॉलेजात आलं. पत्र मुलांसाठी छापलेल्या नमुन्यावर होतं. 'सदर खेळाडू याने' असं छापलेलं, आणि कुणीतरी निळ्या शाईनं 'याने' खोडून वर 'हिने' लिहिलेलं. ते पत्र मला इतकं आवडलं की मी मॅडमकडून ते मागून घेतलं. माझी दहावीची गुणपत्रिका दोनदा हरवली आणि पुन्हा काढावी लागली. हे पत्र हरवलं नाही.

पुढच्या रविवारी काका आले. चहा घेतला, अर्धा कप संपवला आणि बाबांना म्हणाले, "ती पेनल्टी हुकली गा."

"हाव," बाबा म्हणाले.

"हुकल्यावर मले वाटलं, पोरगी आत असती तर काय झालं असतं."

बाबांनी जिंकल्यासारखं काही केलं नाही. बिस्किटाची बशी त्यांच्याकडे सरकवली. त्या दिवसापासून काकांनी गोललाईनवरच्या हाताला लाल कार्ड द्यायला सुरुवात केली, मुलांच्या सामन्यातही. फार वर्षांनी नियमांच्या पुस्तकात ते स्पष्ट शब्दांत छापून आलं. तेव्हा मला वाटलं, हे तर आमच्या अंगणात आधीच ठरलं होतं.

मुलींच्या सामन्यांत आणखी एक बदल झाला. पंच बघायला लागले. हात आडवे धरले तर ते खरंच छातीसाठी आहेत का, हे आता मान न वळवता पाहत. शिट्टी नीट वाजायची. आम्हाला फाउल पडू लागले, पिवळी कार्डं मिळू लागली, आणि आमच्या मुली कुरकुर करत पंचांशी हुज्जत घालू लागल्या. मॅडम ते पाहून खूश व्हायच्या. दोरीबाहेरचं हसणं एका दिवसात थांबलं नाही, पण विरत गेलं. नंतर नंतर माणसं उमरेडची मुलगी आज खेळणार आहे का, असं विचारत येऊ लागली.

तिची आणि माझी खरी ओळख पुढच्या वर्षी झाली. बाहेरगावच्या स्पर्धेसाठी संघ निवडायचा होता आणि दोघींना बोलावलं होतं. ती बसमधून उतरून सरळ मैदानावर आली तेव्हा पायात नवे बूट होते आणि ते तिला चावत होते. सराव संपल्यावर आम्ही दोघी कडुनिंबाखाली बसलो. ती बूट काढून टाचा चोळत होती.

"एक विचारू?" ती म्हणाली. "तू काहून सांगितलं त्या दिवशी? शिट्टी तर वाजलीच नव्हती."

मी म्हणाले, "तू भांडली नाहीस म्हणून."

तिला ते पटलं नाही. "मी भांडली असती तं?"

"तर मी पण भांडले असते. अन् मीच जिंकले असते, सगळे माझ्या बाजूनं होते."

ती हसली. मग म्हणाली, "आता भांडत असतो मी." आणि ते खरं होतं. तिच्याइतकी पंचांशी भांडणारी मुलगी मी पुन्हा पाहिली नाही.

दोघींची निवड झाली. ती पुढे, मी मागे. मी चेंडू काढायचा आणि मान वर न करता डावीकडे लांब मारायचा. ती तिथं असायचीच.

आम्ही गाडीनं निघालो तेव्हा बाबा आणि काका दोघंही स्टेशनवर आले होते. काका रेल्वेचे, त्यामुळे त्यांनी आम्हाला खिडकीजवळच्या जागा मिळवून दिल्या आणि डबा नीट पुसूनही घेतला. मग निरोप वगैरे राहिला बाजूला. दोघं आमच्याच खिडकीसमोर उभे राहून ऑफसाइडवर भांडायला लागले. बाबांनी प्लॅटफॉर्मवर पाण्याची सुरई एका जागी ठेवली, काकांची पिशवी दुसऱ्या जागी, आणि स्वतः मध्ये उभे राहून ते हातानं रेषा दाखवू लागले. हमाल त्यांना वळसा घालून जात होते.

उमरेडच्या मुलीनं मला कोपरखळी मारली. "हे त्या दिवशीचेच दोघं ना? तुझे कोण आहेत?"

"ते चष्मेवाले माझे बाबा," मी म्हणाले. "दुसऱ्यांनी मला बाहेर काढलं होतं."

तिनं दोघांकडे नीट पाहिलं. मग खिडकीच्या गजाला गाल टेकवून ती ऐकायला लागली, आणि थोड्या वेळानं तिनंच आतून ओरडून सांगितलं, "काका, तुमचं चुकून राहिलं!" काकांनी चमकून वर पाहिलं. बाबा इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. गाडी हलली तेव्हा काका आमच्या खिडकीबरोबर चालत तिला आपलं कसं बरोबर आहे ते सांगत होते, आणि ती मानेनं नाही नाही म्हणत होती.